पहिलीच्या वर्गातील बालकांच्या शौचविषयक सवयी

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडते आणि अंगणवाडीतून आलेली बालके पहिलीच्या वर्गात बसू लागतात. पाटी, पुस्तके, गणवेश, नावनोंदणी यांची सर्व सिद्धता झालेली असते. मात्र या बालकास तासाच्या मध्येच लघवीस वा शौचास लागली तर त्याने कोणास सांगावयाचे, कोठे जावयाचे, पाणी कशातून घ्यावयाचे, याचा पाठ बहुतेक टाचणवह्यांत आढळत नाही. मूल हे घरून शिकून आलेच असेल असे शिक्षक गृहीत धरतात. शाळेत गेल्यावर गुरुजी शिकवतीलच असे पालक गृहीत धरतात. मग एखाद्या दिवशी बालकाची चड्डी ओली होते, वर्ग हसतो, आणि पुढचे चार दिवस हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. कारण विचारले असता घरून ‘पोटात दुखत होते’ असे उत्तर येते. ते उत्तर पुष्कळदा अक्षरशः खरे असते, कारण दिवसभर शौच रोखून धरणाऱ्या मुलाचे पोट दुखतेच.

घरी या शिक्षणास फार लवकर आरंभ होतो. आपल्याकडील आई वा आजी तान्ह्या बाळास दोन्ही पावलांवर बसवते आणि ‘शू’ असा बारीक आवाज काढते. दूध पाजल्यावर, झोपेतून उठल्यावर, ठरावीक वेळी हे चालते. बाळाच्या शरीराला त्या आवाजाची, त्या बैठकीची आणि त्या वेळेची खूण पटते. बालमानसशास्त्राच्या पुस्तकांत सवय लावण्याची जी पद्धत सांगितलेली असते, तिचे सार या पायांवर धरण्यात आहे. पोलादपूरच्या वाडीवरील आजीस ती पुस्तक न वाचता अवगत असते. अडचण पुढे येते. मूल चालू लागले की त्याला अंगणाच्या कडेला, परसात किंवा ओहोळाकाठी बसवले जाते. धुणे, हात धुणे, विष्ठेची विल्हेवाट या गोष्टी मोठी माणसे करतात. मूल फक्त बसते. शिक्षणाचा अर्धा भाग येथे राहून जातो, आणि तो तसाच घेऊन मूल शाळेत येते.

गेल्या पंचवीस वर्षांत घरोघर शौचालये उभी राहिली हे खरे. २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ झाला, आणि महाड व पोलादपूर या तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या वाड्यांवरही भांडे बसवलेली खोली दिसू लागली. परंतु ती खोली प्रौढाच्या मापाने बांधलेली असते. पायठाण्यांमधील अंतर पाच वर्षांच्या मुलास फार होते, भांड्याचे भोक त्याला खोल विहिरीसारखे वाटते, आत अंधार असतो आणि कडी हाताला लागत नाही. आपण आत पडू अशी भीती त्याला वाटते, व ही भीती त्याच्या उंचीवरून पाहिल्यास मुळीच हास्यास्पद नाही. म्हणून घरात शौचालय असूनही लहान मूल बाहेरच बसते. त्यात भर पडते ती एका जुन्या समजुतीची. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, असे पुष्कळ घरांत मानले जाते. ती फावड्याने उचलून उकिरड्यावर वा झुडपात टाकली जाते.

ही समजूत खोटी आहे. लहान मुलांनाच अतिसार व जंतांचा उपद्रव अधिक होतो, आणि म्हणून त्यांच्या विष्ठेत रोगबीजे असण्याचा संभवही अधिक असतो. मोठ्या गोल जंताची एक मादी दिवसाकाठी सुमारे २,००,००० अंडी घालू शकते. ती ओल्या मातीत दीर्घकाळ, कधी कधी वर्षानुवर्षे, टिकून राहतात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शरीरात शिरते. वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात उकिरड्यावर टाकलेले तेथेच राहत नाही. आषाढातील एका सरीबरोबर ते पऱ्ह्यात येते, पऱ्ह्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून विहिरीच्या काठाशी. बारीक सुतासारख्या कृमींचा प्रवास आणखी सोपा आहे. रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी भाकरीबरोबर पुन्हा पोटात जातात. वर्गात जे मूल सारखे चुळबुळत असते व रात्री नीट झोपत नाही असे घरून कळते, त्याच्याकडे या दृष्टीनेही पाहावे. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती गोळी पोटातील जंत मारते. नखांतली अंडी व अंगणातली माती तिच्या आवाक्याबाहेर राहते.

आता शिकवण्याकडे वळावयाचे. या विषयात प्रौढांचा सर्वांत मोठा दोष असा की ते रागावतात पुष्कळ, आणि दाखवतात फार थोडे. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथील एक अनुभव त्यांनी नोंदवून ठेवला आहे. नाक कसे शिंकरावे, याचा एक छोटा पाठ त्यांनी मुलांना दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, एवढेच शांतपणे करून दाखविले. पाठ संपताच मुलांनी टाळ्यांचा गजर केला. शेंबड्या नाकावरून ती मुले रोज बोलणी खात होती, परंतु नाक कसे शिंकरावयाचे हे तोवर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या शाळेतील ‘घाणेरडा कुठला’ हा शब्द ज्या मुलाला ऐकावा लागतो, त्याला तांब्या कसा धरावा हे कोणी दाखविले आहे काय, एवढा प्रश्न शिक्षकाने प्रथम स्वतःस विचारावा.

महाराष्ट्रात हे काम पूर्वी झालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे) ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, व ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. अक्षरओळखीच्या आधी शरीराची स्वच्छता आणि चांगल्या सवयी यांना तेथे शिक्षणाचाच भाग मानले गेले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने लागत नाहीत, गावातील वस्तूंतूनच बालशिक्षण उभे राहते, हे या दोघींनी दाखवून दिले. आणि बादली, तांब्या, साबणाचा तुकडा एवढ्यावर भागणाऱ्या प्रस्तुत विषयास ते तंतोतंत लागू पडते.

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हा पाठ घ्यावा. आरंभ कपड्यांपासून करावा, कारण ओल्या चड्डीचे कारण अनेकदा मूत्राशयात नसून कमरेशी असते. पालक वाढत्या अंगाचा म्हणून मोठा गणवेश घेतात, तो पट्ट्याने आवळतात, त्यावर हूक व साखळी असते. घाईच्या वेळी बालकाच्या बोटांना ते उलगडत नाही. मुलीच्या चड्डीची नाडी घट्ट ओढली तर गाठ बसते. म्हणून बटण काढणे, हूक सोडणे, नाडीची सरकगाठ मारणे हे खेळ म्हणून वर्गात करवून घ्यावे, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्या पालकांस रबरी नाडीची चड्डी घालण्यास सांगावे. एवढ्याने निम्मे अपघात टळतात, हे जुन्या शिक्षकांस सांगावयास नको.

त्यानंतर पाच-पाच मुलांना घेऊन शौचालय दाखवावे. दार उघडे ठेवून, कोरड्या वेळी. पाय कोठे ठेवावयाचे, तोंड कोणीकडे करावयाचे, हे कपड्यांसह बसवून दाखवावे. पायठाण्यांच्या आत खडूने वा रंगाने लहान पावले काढली तर मूल त्यांवर आपोआप नीट बसते. बसण्यापूर्वी भांड्यात थोडे पाणी ओतावे म्हणजे मळ चिकटत नाही. ग्रामीण शौचालयाच्या तीव्र उताराच्या भांड्यास दीड ते दोन लिटर पाणी पुरते. मोठी भरलेली बादली बालकास कलत नाही, म्हणून लहान डबा ठेवावा. तांब्या उजव्या हातात धरून पाणी मागच्या बाजूने सोडणे आणि डाव्या हाताने धुणे ही दोन हातांची निरनिराळी कामे आहेत. ती एकाच वेळी करणे चार-पाच वर्षांच्या मुलास कठीण जाते. अंगणात एका उभ्या विटेवर पाणी ओतून ती दुसऱ्या हाताने चोळण्याचा सराव द्यावा. मुले तो आनंदाने करतात. मुलींनी समोरून मागे असे धुवावे, मागून पुढे नव्हे. मळाचा अंश मूत्रमार्गाशी गेला तर तेथे जंतुसंसर्ग होतो. ही गोष्ट शिक्षिकेने, आणि शिक्षिका नसेल तेथे अंगणवाडी सेविकेने, आईला अवश्य सांगावी.

हात धुण्याविषयी फलक पुष्कळ लागले आहेत, तरी दोन गोष्टी राहून जातात. डाव्या हाताने धुवावे आणि उजव्याने जेवावे हा रिवाज चांगला असला तरी तो साबणाची जागा घेऊ शकत नाही. धुताना दोन्ही हात एकमेकांस लागतातच. डावखुऱ्या मुलावर त्या रिवाजाची सक्ती करण्यातही अर्थ नाही. त्याने साबण लावला म्हणजे झाले. दुसरी गोष्ट वेळेची. वीस सेकंद म्हणजे किती, हे मुलास कळत नाही. दोनचा पाढा सावकाश दोनदा म्हणेपर्यंत हात चोळावयाचे, असे सांगितले की कळते, आणि पाढाही होतो. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे. साबण न मिळाल्यास चुलीची स्वच्छ राख चालेल. माती मात्र वापरू नये. वर सांगितलेली अंडी तिच्यातच असतात. साबणाची वडी उघड्यावर ठेवली तर कावळा उचलून नेतो, ही तक्रार डोंगरातील शाळांतून नेहमी ऐकू येते. ती जुन्या पायमोज्यात घालून नळाशी बांधावी. मोज्यावरूनच फेस येतो आणि कावळ्यास तिच्यात रस राहत नाही.

लघवीस जाण्याची परवानगी मागण्यासाठी करंगळी वर करण्याची चाल आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती उपयुक्त आहे, पण नवीन मुलास ती ठाऊक नसते. कोणी ‘शी’ म्हणेल, कोणी ‘परसाकडे’, कोणी ‘झाड्याला’. आदिवासीवाडीवरील बालकाचा शब्द आणखी निराळा असेल. पहिल्या दिवशीच हे सर्व शब्द मुलांकडून काढून घ्यावेत, कोणत्याही शब्दास हसू नये, आणि मग शाळेची खूण शिकवावी. परवानगी नाकारण्याचा प्रश्नच उद्भवू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे दोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभरच, लघवी मावते. ‘आत्ताच तर जाऊन आलास’ हे शिक्षकाचे वाक्य चोवीस मुलांच्या बाबतीत खरे ठरेल. पंचविसाव्याच्या बाबतीत ते खोटे ठरले की त्याची भरपाई होत नाही. फिरण्यासाठी करंगळी दाखविणारा विद्यार्थी असतोच, पण त्याला चौथीत आवरता येईल.

वेळांची शिस्त लावणे हा याहून चांगला मार्ग आहे. शाळेत आल्यावर, भोजनापूर्वी, भोजनानंतर आणि सुटण्यापूर्वी सर्व लहान मुलांना जाऊन येण्यास सांगावे. अन्न पोटात गेले की मोठ्या आतड्यास चालना मिळते, हा शरीराचा धर्म आहे. म्हणून खिचडी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांची मोकळीक आवश्यक आहे. तीच वेळ रांगा लावण्यात व भांडी मोजण्यात जाते.

येथे इमारतीविषयी बोलणे भाग आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलगे व मुली यांच्यासाठी स्वतंत्र प्रसाधनगृहे शाळेस बंधनकारक केली आहेत. परंतु प्रसाधनगृहास कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, अशी स्थिती असेल तर ते बांधकाम तपासणीपुरते उरते. किल्ली मागण्याचे धैर्य पहिलीच्या मुलात नसते. दाराची आतील कडी लहान मुलाच्या हाताला येईल एवढी खाली असावी आणि बाहेरची कडी काढून टाकावी, म्हणजे मोठ्या मुलांस लहानास कोंडण्याची थट्टा सुचणार नाही. एकदा कोंडलेले मूल वर्षभर तिकडे फिरकत नाही. पाण्याची ओढ ही आपली खरी अडचण आहे. पावसाळ्यात ज्या डोंगरावरून धबधबे कोसळतात, तेथेच एप्रिलमध्ये झरे आटतात आणि पोलादपूर तालुक्यातील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा शाळांत पाच लिटरच्या डब्यास बारीक भोक पाडून तो दोरीने आडव्या काठीस टांगावा व पायाने दाबण्याची काठी त्यास जोडावी. पाय दाबला की डबा कलतो, बारीक धार येते आणि पेलाभर पाण्यात तीन-चार मुलांचे हात निघतात. चौथीची मुले हे साधन एका दुपारी तयार करतात.

इतके करूनही चड्डी ओली होणारच. त्या वेळी शिक्षकाच्या पहिल्या पाच मिनिटांतील वागणुकीवर मुलाचे पुढचे वर्ष अवलंबून असते. वर्गास दुसरे काम लावावे. मुलास आवाज न चढविता बाहेर न्यावे. कपाटात दोन-तीन स्वच्छ जुन्या चड्ड्या, एक पंचा व पिशवी ठेवलेली असावी. जमेल तेवढे मुलाने स्वतः धुवावे. ते शिक्षा म्हणून नव्हे, तर आपले आपल्याला सावरता येते हे त्याला कळावे म्हणून. साहाय्य लागलेच तर ते कोणी करावे, हे पालकसभेत आधी ठरलेले असावे, आणि दुसरे एखादे मोठे माणूस जवळपास असताना ते व्हावे. शरीराच्या झाकलेल्या भागास आई-वडिलांनी सांगितलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावावयाचा नाही, हेही मुलास याच पाठात शिकवता येते. भोजन शिजविणाऱ्या बाईंवर हे काम टाकू नये, याचे कारण उघड आहे. वर्गातील थोरल्या मुलीस ‘जा, याला धुऊन आण’ असे सांगण्याची प्रथा तर बंदच व्हावयास हवी.

काही प्रसंगी दोष सवयीचा नसतो. मूल शौच रोखत राहिले की मळ कठीण होतो, बाहेर येताना दुखते, म्हणून ते आणखी रोखते. अखेरीस कठीण मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपून कपडे डागळतात. हे मूल आळशी नाही, त्याला बद्धकोष्ठ आहे. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा डॉक्टरांस दाखवावे. रात्री अंथरूण ओले करण्याबाबत पालक शिक्षकांकडे लाजत तक्रार करतात. सात वर्षांच्या दहा मुलांपैकी सुमारे एकाकडून असे होते आणि बहुधा वयाबरोबर ते थांबते. मारल्याने थांबत नाही.

कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा ओले करू लागले तर त्यामागे भय वा दुःख आहे काय, हे शोधावे. या तालुक्यांत तो प्रश्न पुस्तकी नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुरात महाड शहर बुडाले, आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. २००५ च्या जुलैमध्येही दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी असाच घाला सोसला होता. मोठ्या आघातानंतर लहान मुले शिकलेल्या सवयी काही काळ विसरतात, हे बालरोगतज्ज्ञांस सुपरिचित आहे. पावसाचा जोर वाढला, डोंगराकडून आवाज आला, की अशा मुलास लघवी होते. त्यास शिस्तीची नव्हे तर जवळ बसविण्याची गरज असते. पुरानंतर विहिरीचे पाणी शुद्ध करून उकळून घेणे, कोणास जुलाब झाल्यास तत्काळ जलसंजीवनी देणे व डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या पुऱ्या करणे, हे शिक्षकांनी पालकांस पुनःपुन्हा सांगावे.

शौचालय स्वच्छ कोणी करावयाचे, हा प्रश्न टाळून हा विषय पुरा होत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. एका तळ्यावरील पाण्याचा हक्क हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे या गावात सिद्ध झाले. त्या तालुक्यातील शाळेत पाण्याचा डबा व झाडू कोणाच्या हाती दिला जातो, याकडे शिक्षकाचे विशेष लक्ष असावयास हवे. विशिष्ट वाडीवरील मुलांना किंवा केवळ मुलींना प्रसाधनगृहाचे काम सांगणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्याने शिक्षणही बिघडते. घाण करणारा एक आणि काढणारा दुसरा, हा पाठ मूल त्यातून शिकते. खोलीची सफाई शाळेने मोबदला देऊन, हातमोजे व खराटा पुरवून मोठ्या माणसाकडून करून घ्यावी. मुलाने आपल्यानंतर पाणी ओतून भांडे स्वच्छ सोडावे, एवढे प्रत्येकाकडून घ्यावे, आणि गुरुजींनीही तेच करताना दिसावे.

पालकांपैकी पुष्कळ जण पोटासाठी मुंबईस असतात आणि मूल आजी-आजोबांपाशी वाढते. पालकसभेस म्हणून आजीच येते. तिला उपदेश करण्याऐवजी तिच्यापासूनच सुरुवात करावी. पायांवर धरण्याचे तिचे कौशल्य वाखाणावे, मग त्यापुढची पायरी सांगावी. लहान्याची शीही शौचालयातच टाकावयाची, मूल आत जाईल तेव्हा दार उघडे ठेवून बाहेर उभे राहावयाचे, आठवड्यातून एकदा नखे कापावयाची. ‘आमच्या वेळी नव्हते’ असे ती म्हणेल. तिच्या वेळी किती भावंडे जगली, हे तीच पुढे सांगते. विचारावे लागत नाही.

दिवाळीच्या सुटीत अनेक मुले आई-वडिलांकडे मुंबईस जातात व तेथील उंच बैठकीच्या भांड्याची, साखळी ओढण्याची किंवा चाळीतील रांगेची सवय घेऊन परततात. कोणी तेथे बसण्यास घाबरून आठ दिवस पोट धरून राहिलेले असते. सुटीनंतर शाळा भरते तेव्हा पहिल्या दोन दिवसांत हा पाठ पुन्हा घ्यावा. विटेवर पाणी ओतण्यापासून, सर्व मुलांसह, कोणा एकाचे नाव न घेता.